कीबोर्डवरची अक्षरं अशी विस्कटलेली का? आणि त्याहून चांगला कीबोर्ड येऊनही तो का हरला?

मोबाइलवर हा लेख वाचत असाल, तर एक मिनिट मेसेजचं ॲप उघडा आणि इंग्रजी कीबोर्ड बघा. वरच्या ओळीत डावीकडून क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय. ना एबीसीडीचा क्रम, ना दुसरी कुठली सहज दिसणारी संगती. या सहा अक्षरांवरूनच या मांडणीला 'क्वर्टी' हे नाव पडलं. क्वर्टीचा पहिला अवतार बाजारात आला १८७४ साली. तेव्हा टिळक पुण्यात डेक्कन कॉलेजात शिकत होते.

मधल्या दीडशे वर्षांत टाइपरायटर आला आणि गेला, कॉम्प्युटर आला, लॅपटॉप आला, मग काचेवर बोट फिरवायचा फोन आला. मांडणी मात्र तीच राहिली.

चांगली वस्तू आली की जुनी वस्तू आपोआप मागे पडते, असं आपण गृहीत धरतो. कीबोर्डच्या बाबतीत तसं झालं नाही. क्वर्टीपेक्षा विचारपूर्वक केलेली मांडणी १९३६ मध्ये अमेरिकेत आली आणि हरली. त्यानंतर बरोबर ५० वर्षांनी, १९८६ मध्ये, भारतीय भाषांसाठी तशीच विचारपूर्वक केलेली मांडणी आली. तीही सरकारी शिक्क्यानिशी. तिचं काय झालं हे कळायला फार लांब जायला नको. तुम्ही फोनवर मराठी कसं टाइप करता, ते आठवा.

क्वर्टी आली कुठून?

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात ख्रिस्तोफर शोल्स नावाचे एक गृहस्थ होते. छपाई आणि वृत्तपत्रांच्या धंद्यात मुरलेले. त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी १८६८ मध्ये लिहिण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. सुरुवातीच्या नमुन्याच्या कळा पियानोसारख्या होत्या आणि अक्षरं एबीसीडीच्या क्रमानं लावलेली होती. त्या क्रमाची खूण आजही शिल्लक आहे. मधल्या ओळीत डी, एफ, जी, एच, जे, के, एल ही अक्षरं बघा. मधला ई आणि आय सोडला तर क्रम सरळ आहे.

मग बाकीची अक्षरं का हलली? एक गोष्ट तुम्ही नक्की ऐकली असेल: टायपिस्ट फार वेगानं टाइप करत, म्हणून त्यांना मुद्दाम हळू करायला क्वर्टी बनवली. ऐकायला मजेशीर आहे, पण ती तशी पटत नाही. १८७० च्या दशकात वेगानं टाइप करणारं कोणी नव्हतंच, यंत्रच नवं होतं. अडचण दुसरी होती. कळ दाबली की आतला एक दांडा उचलला जाऊन कागदावर आपटायचा. शेजारशेजारचे दोन दांडे पाठोपाठ उठले की एकमेकांत अडकायचे. जोडीनं येणारी अक्षरं दूर ठेवली की हा त्रास कमी होतो, असं जुनं स्पष्टीकरण आहे. जपानमधल्या कोइचि आणि मोतोको यासुओका या संशोधकांनी २०११ मध्ये वेगळा मुद्दा मांडला. हे यंत्र सुरुवातीला वापरणाऱ्यांत तारयंत्रावरचे संदेश उतरवून घेणारे लोक होते आणि मांडणीतले बदल त्यांच्या सोयीनं होत गेले, असं त्यांचं म्हणणं. दोन्हींतलं काहीही खरं धरलं तरी एक गोष्ट उरते. क्वर्टी कुणी शास्त्रशुद्ध अभ्यास करून आखलेली नव्हती. ती त्या वेळच्या अडचणींतून घडत गेली.

१८७३ मध्ये शोल्स आणि मंडळींनी हे यंत्र रेमिंग्टन कंपनीकडे सोपवलं. बंदुका आणि शिलाई मशीन बनवणारी ही कंपनी. पहिला टाइपरायटर १२५ डॉलरचा होता, त्यावर फक्त कॅपिटल अक्षरं उमटत आणि तो फारसा खपला नाही. १८७८ मध्ये शिफ्टची कळ असलेलं दुसरं मॉडेल आलं आणि धंद्यानं जोर धरला.

तरीही पुढची कितीतरी वर्षं बाजारात वेगवेगळ्या मांडण्यांचे टाइपरायटर होते. मग पारडं झुकलं कशामुळे? यात माणसांच्या बोटांचा मोठा वाटा आहे.

१८८८ च्या जुलैमध्ये सिनसिनाटी शहरात एक स्पर्धा झाली. एका बाजूला फ्रँक मॅकगरिन, रेमिंग्टनवर टाइप करणारे. दुसऱ्या बाजूला लुई ट्रॉब, कॅलिग्राफ नावाच्या टाइपरायटरवर, ज्यात लहान आणि मोठ्या अक्षरांना वेगवेगळ्या कळा होत्या. मॅकगरिन यांनी आरामात बाजी मारली. बातम्या झाल्या, रेमिंग्टनचं नाव झालं. पण ते जिंकले ते यंत्रामुळे नव्हे. त्यांनी सगळ्या कळा पाठ केल्या होत्या आणि ते न बघता दहाही बोटांनी टाइप करत होते. यंत्र कुठलंही असतं तरी बहुधा तेच जिंकले असते. लोकांच्या लक्षात मात्र त्यांचा टाइपरायटर राहिला.

इथून जे चक्र सुरू झालं, ते आपल्याकडच्या कुठल्याही क्लासवाल्याला सांगायची गरज नाही. ज्या यंत्रावर काम करणारी माणसं मिळतात, ते यंत्र ऑफिस विकत घेतं. जे यंत्र ऑफिसांत आहे, ते शिकवायला क्लास निघतात. ज्याचा क्लास आहे, ते शिकून मुलं नोकरी शोधतात. १८९३ मध्ये रेमिंग्टनसकट अमेरिकेतल्या मोठ्या टाइपरायटर कंपन्या एका ट्रस्टखाली एकत्र आल्या आणि वेगळ्या मांडणीला उरलीसुरली जागाही संपत गेली.

ड्व्होराक यांचं गणित

ऑगस्ट ड्व्होराक हे वॉशिंग्टन विद्यापीठात शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी मेहुणे विल्यम डीली यांच्या साथीनं बोटांच्या हालचाली, इंग्रजीत कुठली अक्षरं किती वेळा येतात, कुठल्या जोड्या येतात, हे सगळं तपासलं आणि नवी मांडणी बनवली. १९३६ मध्ये पेटंट मिळालं.

त्यांचा विचार साधा होता. हात जिथे विसावलेले असतात त्या मधल्या ओळीत सर्वांत जास्त लागणारी अक्षरं ठेवायची. पाचही स्वर डाव्या हाताखाली, नेहमीची व्यंजनं उजव्या हाताखाली. म्हणजे दोन्ही हात आळीपाळीनं चालतात. इंग्रजी मजकूर टाइप करताना ड्व्होराक मांडणीत साधारण ७० टक्के काम मधल्या ओळीत होतं. क्वर्टीत ते ३२ टक्क्यांच्या आसपास आहे.

१९४४ मध्ये अमेरिकन नौदलानं चाचणी घेतली. टायपिस्टना नव्यानं शिकवायचा खर्च दहा दिवसांत वसूल होतो, असा निष्कर्ष निघाला. तरी कुणी बदललं नाही. १९८५ मध्ये स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ पॉल डेव्हिड यांनी यावर एक छोटा निबंध लिहिला आणि क्वर्टी एकदम अर्थशास्त्राच्या वर्गात जाऊन बसली. सुरुवातीला योगायोगानं घेतलेलं एखादं वळण पुढे सगळ्यांना बांधून टाकतं आणि मग चांगला रस्ता दिसत असूनही कुणाला एकट्यानं वळता येत नाही, हा त्यांचा मुद्दा.

या विषयावरचे बहुतेक लेख इथेच थांबतात, पण पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे.

१९९० मध्ये स्टॅन लिबोविट्झ आणि स्टीफन मार्गोलिस या दोन अर्थशास्त्रज्ञांनी जुनी कागदपत्रं उकरून काढली. नौदलाची चाचणी झाली तेव्हा स्वतः ड्व्होराक नौदलात अधिकारी होते आणि माणसाच्या हालचाली व वेळ यांचे तज्ज्ञ म्हणून ओळखले जात होते. पेटंट त्यांच्याच नावावर. शिवाय दोन गटांची तुलना ज्या पद्धतीनं केली होती, ती सदोष होती. १९५६ मध्ये अमेरिकी सरकारच्या खरेदी विभागासाठी अर्ल स्ट्राँग यांनी पुन्हा चाचणी घेतली. मुरलेल्या टायपिस्टना ड्व्होराक शिकवली. रोज ४ तास सराव करूनही क्वर्टीवरचा आपलाच जुना वेग गाठायला त्यांना २५ दिवसांहून बराच जास्त वेळ लागला. त्यानंतर क्वर्टीवाल्यांनाही जादा सराव दिला, तर तेच पुढे गेले. नंतरच्या काही अभ्यासांत ड्व्होराकचा फायदा निघाला, पण तो एकेरी टक्क्यांत.

म्हणजे ड्व्होराक मांडणी चांगली आहे, पण 'किती चांगली' याचं उत्तर 'थोडी' असं आहे. आणि त्या थोड्यासाठी महिनाभर अडखळत टाइप करायचं. ऑफिसच्या मालकाला हा सौदा परवडत नव्हता. त्यानं पैसे खर्चून टायपिस्टला शिकवलं आणि ती दुसरीकडे गेली, तर तिथे पुन्हा क्वर्टीच. तिनं स्वतःच्या खर्चानं शिकावं, तर ड्व्होराकचं यंत्र असलेलं ऑफिस कुठे आहे?

दांडे अडकण्याची अडचण तर कधीच संपली होती. आयबीएमनं १९६१ मध्ये दांड्यांऐवजी फिरत्या गोळ्यावर अक्षरं असलेला सिलेक्ट्रिक टाइपरायटर आणला, त्यात अडकायला काही उरलंच नाही. कॉम्प्युटरवर तर मांडणी बदलणं फुकट झालं. १९८४ च्या ॲपल टू सी या कॉम्प्युटरवर क्वर्टी आणि ड्व्होराक यांत अदलाबदल करायला चक्क एक बटण होतं. आज विंडोजच्या सेटिंगमध्ये ड्व्होराक आहे. खर्च शून्य, तरी वापरणारे मूठभर. यंत्र बदलायचा खर्च संपला, बोटांचा खर्च संपला नाही.

जाता जाता एक सांगते, कारण हा विषय निघाला की कुणीतरी 'बीटामॅक्स'चं नाव घेतंच. सोनीची बीटामॅक्स कॅसेट १९७५ ला आली आणि चित्र जास्त स्वच्छ असूनही जेव्हीसीच्या व्हीएचएसपुढे हरली, असं म्हणतात. पण पहिली बीटामॅक्स कॅसेट एक तासाची होती आणि १९७६ ला आलेली व्हीएचएस दोन तासांची. अख्खा सिनेमा एका कॅसेटमध्ये मावणार नसेल तर स्वच्छ चित्राचं काय करायचं? 'चांगलं तंत्रज्ञान हरलं' असं कुणी म्हटलं की 'कुणासाठी चांगलं?' हे आधी विचारावं.

आता आपल्याकडे या

मराठी टाइपरायटरची मूळ अडचण जागेची होती. इंग्रजीला २६ अक्षरं आणि त्यांची कॅपिटल पुरतात. देवनागरीला स्वर, व्यंजनं, काना-मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं, रफार असं सगळं नव्वदच्या आसपास चिन्हांत बसवायचं होतं. मग युक्ती केली. अर्ध्या अक्षराची कळ द्यायची आणि पुढे उभी काठी मारून ते पूर्ण करायचं. पहिली वेलांटी दिसायला अक्षराच्या आधी येते, म्हणून ती आधी मारायची आणि अक्षर नंतर. 'कि' म्हणताना आपण 'क' आधी उच्चारतो, पण टाइप करताना उलटं. या मांडणीला आजही 'रेमिंग्टन' म्हणतात. तोच रेमिंग्टन.

कॉम्प्युटरला मात्र या युक्त्यांची गरज नव्हती. कुठलं अक्षर कसं दिसायचं, कसं जोडायचं, हे तो स्वतः ठरवू शकत होता. कानपूर आयआयटीत यावर काम झालं आणि पुढे ते पुण्यातल्या सी-डॅकमध्ये वाढलं. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं 'इन्स्क्रिप्ट' ही मांडणी प्रमाण म्हणून दिली. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोच्या इस्की या प्रमाणातही तीच घेतली गेली.

इन्स्क्रिप्ट बघितली की मला खरंच कौतुक वाटतं. स्वर आणि त्यांच्या काना-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. 'क' आणि 'ख' एकाच बटणावर, 'ख'साठी फक्त शिफ्ट. तसंच ग-घ, त-थ, प-फ. म्हणजे वर्णमाला येत असेल तर निम्मा कीबोर्ड तुम्हाला येतोच. अक्षरं उच्चाराच्या क्रमानं मारायची, आधी 'क', मग वेलांटी. आणि सर्वांत भारी गोष्ट म्हणजे मराठीचा 'क' ज्या बटणावर आहे, त्याच बटणावर गुजराती, कन्नड आणि बंगालीचाही 'क' आहे. एक भाषा शिका, लिपी बदला, बोटं तीच. 'महाराष्ट्र' हा शब्द इन्स्क्रिप्टमध्ये १० वेळा कळ दाबून होतो. रोमन अक्षरांतून एकेक ध्वनी नीट लिहायचा तर १३ वेळा.

मग ही मांडणी सगळीकडे का दिसत नाही?

एका बाजूनं टायपिस्ट होते. सरकारी कचेऱ्या, कोर्टं, शाळा, सगळीकडची माणसं टाइपरायटरवर तयार झालेली. त्यांना कॉम्प्युटर देऊन 'आता सगळं विसरा' म्हणणं शक्य नव्हतं. सी-डॅकनं स्वतःच्या आयएसएम सॉफ्टवेअरमध्ये इन्स्क्रिप्टच्या बरोबरीनं टाइपरायटरची मांडणीही दिली, यातच सगळं आलं. महाराष्ट्रात लिपिक-टंकलेखक व्हायचं तर मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांचं प्रमाणपत्र लागतं. गावोगावचे टायपिंग क्लास त्यासाठीच चालतात. क्लासमध्ये मुलगा जे शिकतो, ते 'कुठली मांडणी चांगली' असा विचार करून शिकत नाही. परीक्षा आणि नोकरी डोळ्यांसमोर ठेवून शिकतो. अमेरिकेतलं १८९० चं चक्र, शंभर वर्षांनी, तालुक्याच्या गावात.

दुसऱ्या बाजूनं इंग्रजी होती. दुकानात जाऊन कीबोर्ड मागा, त्यावर इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. इन्स्क्रिप्टची छापलेली नसतात, ती पाठ करायची. ज्याला इंग्रजी टाइप करता येतं त्यानं के आणि ए दाबल्यावर 'क' उमटला, तर त्याला शिकायचं काहीच उरत नाही. दिवसाला आठ तास मराठी टाइप करणाऱ्याला तीन कळा वाचवण्यात फायदा आहे. आठवड्याला दोन मेसेज करणाऱ्याला नाही. आणि मराठी टाइप करणाऱ्यांत दुसऱ्या प्रकारचीच माणसं जास्त आहेत.

फॉन्टचा पिंजरा

याच काळात मराठीत आणखी एक लढाई चालू होती, आणि तिचा निकाल वेगळा लागला.

नव्वदच्या दशकात डीटीपी आलं. श्री-लिपी, आकृती, आयएसएम अशी पॅकेजेस घेऊन छापखाने कामाला लागले. बहुतेक ठिकाणी पद्धत अशी होती की कॉम्प्युटरच्या लेखी फाइलमध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असायची. त्यांना मराठीचा चेहरा द्यायचा तो फॉन्ट. तो फॉन्ट तुमच्याकडे नसेल तर समोर टोप्या, कंस आणि डॉलरची खिचडी. एका पॅकेजमधला मजकूर दुसऱ्यात उघडत नसे. शोधता येत नसे. अकारविल्हे लावता येत नसे.

यावरचा उपाय, म्हणजे युनिकोड, १९९१ मध्येच आला होता. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक. देवनागरी पहिल्याच आवृत्तीत होती आणि तिची रचना भारताच्या इस्कीवरून घेतलेली होती. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोड कॉम्प्युटरमध्येच मिळू लागलं, सोबत र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' फॉन्ट. इन्स्क्रिप्टही. सगळं फुकट.

तरी छापखाने हलले नाहीत, आणि त्यांना आळशी म्हणणं अन्याय होईल. त्यांचं सगळं काम पेजमेकरवर चालायचं. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची, आणि तिला युनिकोड देवनागरी जमतच नव्हतं. फॉन्ट बदलायचा म्हणजे पेजमेकर सोडायचा, जुन्या फाइल्स सोडायच्या, ऑपरेटरला नव्यानं शिकवायचं आणि हे सगळं करताना उद्याचा अंक वेळेवर काढायचा. लग्नपत्रिका छापणाऱ्याला तर मजकूर गूगलवर सापडण्याशी काही देणंघेणंच नव्हतं. कागदावर अक्षर देखणं उमटलं की काम झालं, आणि जुने फॉन्ट देखणे होतेच.

युनिकोडला जागा मिळाली ती जिथे जुन्यांचं राज्य नव्हतं तिथे. इंटरनेटवर. सुरुवातीच्या मराठी वेबसाइट वाचायच्या तर आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे, आणि परदेशात बसलेला मराठी माणूस ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तो घालू शकत नसे. २००३ मध्ये मराठी विकिपीडिया सुरू झाला. पाठोपाठ मनोगत, मिसळपाव यांसारखी संकेतस्थळं आली, जिथे लिहायच्या चौकटीतच रोमन अक्षरांतून मराठी उमटवायची सोय होती. गमभन, बरहा ही साधनं आली. मग गूगलचं आलं, मग फोनमध्येच आलं.

इथे काय घडलं ते नीट बघा. युनिकोडनं लोकांना कुठलीही नवी मांडणी शिकायला लावली नाही. ते येऊन क्वर्टीच्या पाठीवर बसलं. लोकांना कळलंही नाही की आपण काही बदललं आहे. इन्स्क्रिप्ट आणि युनिकोड ही एकाच विचाराची दोन भावंडं, दोन्ही इस्कीच्या घरातली. ज्यानं बोटांना हात लावला नाही, ते जिंकलं. ज्यानं बोटांकडून महिना मागितला, ते सेटिंगमध्ये पडून राहिलं.

आणि क्वर्टीच्या उणिवाही बाकीच्यांनी झाकल्या. 'महाराष्ट्र'ला १३ कळा लागतात खऱ्या, पण फोन चार-पाच अक्षरांनंतर शब्द सुचवतो. मुंबई आयआयटीच्या आयडीसी विभागानं 'स्वरचक्र' नावाचा कीबोर्ड बनवला. त्यात व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती बाराखडी चाकासारखी उघडते. देवनागरीसाठी मुळापासून विचार केलेली गोष्ट. पण तो शोधून, उतरवून, सवय करून घ्यावा लागतो. फोनसोबत आलेला कीबोर्ड आधीच उघडलेला असतो.

याची किंमत कोण देतं?

इंग्रजी कीबोर्डवर ड्व्होराक हरली म्हणून कुणाचं फार बिघडलं नाही. मराठीत मात्र जुन्या फॉन्टमध्ये अडकलेला मजकूर ही खरी हानी आहे. नव्वद ते दोन हजार दहापर्यंतचे कितीतरी अंक, पुस्तकं, स्मरणिका अशा फाइल्समध्ये आहेत ज्या उघडायला तेव्हाचं पॅकेज आणि तेव्हाचा कॉम्प्युटर लागतो.

पहिल्या नोकरीत माझ्याकडे असलंच काम होतं. जुने लेख कन्व्हर्टरमधून काढून साइटवर चढवायचे. जुन्या फॉन्टमध्ये रफार जिथे दिसतो तिथे, म्हणजे अक्षरानंतर साठवलेला असतो. युनिकोडमध्ये तो उच्चाराप्रमाणे अक्षराआधी लागतो. कन्व्हर्टरला हे समजलं नाही की 'वर्ष'चं 'वषर्' होतं आणि 'कार्यक्रम'चं 'कायर्क्रम'. अशी शेकडो पानं मी हातानं दुरुस्त केली, आणि त्याहून किती तरी पानं तशीच चढवली, कारण वेळ नव्हता. ती आजही कुठेतरी तशीच आहेत. कुणी 'कार्यक्रम' शोधला तर ती सापडणार नाहीत.

दुसरी किंमत जरा वेगळी आहे. आपल्यातले बरेच जण आता मराठी शब्दाचं आधी मनात रोमन स्पेलिंग करतात. 'ण'साठी कॅपिटल एन, 'ळ'साठी कॅपिटल एल. सुचवणीत आलेला पहिला शब्द ऱ्हस्व-दीर्घ न बघता निवडतात. किंवा तेवढेही कष्ट न घेता थेट रोमनमध्येच 'कसा आहेस' लिहून मोकळे होतात. यात भाषा बुडाली वगैरे मला म्हणायचं नाही, लोक मराठीत लिहितायत हेच खूप आहे. पण ज्या मुलाला बाराखडी येते, त्याला फोनवर आईला मराठी मेसेज करायला आधी इंग्रजी अक्षरं यावी लागतात, हे विचित्र आहे आणि ते कुणी ठरवून केलेलं नाही.

बोलून टाइप करणं आता बऱ्यापैकी जमतं. गूगलनं २०१७ मध्ये मराठीची सोय दिली. माझी आजी क्वर्टी, रेमिंग्टन, इन्स्क्रिप्ट काहीही न शिकता व्हॉट्सॲपवर लांबलचक मेसेज पाठवते. तिच्या बोटांना विसरायचं काही नव्हतंच.

मी इन्स्क्रिप्ट शिकायचा प्रयत्न केला. तुम्हीही करून बघा, पैसे लागत नाहीत. विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी कीबोर्ड जोडायचा आणि के, ई, आय, ओ अशा चार कळा ओळीनं दाबायच्या. पडद्यावर 'कागद' उमटतो. पहिल्यांदा उमटला तेव्हा मला लहान मुलासारखा आनंद झाला होता. नऊ दिवस रोज अर्धा तास केलं. दहाव्या दिवशी निवडणुकीच्या निकालाची बातमी वीस मिनिटांत द्यायची होती, तेव्हा सेटिंग बदलून परत आले. हा लेखही मी रोमन अक्षरांतूनच टाइप केला आहे.